चित्रातली माणसं आणि समोरचे आपण

निळसर

नमस्कार मंडळी. अमूर्त चित्रासमोर गेलं की ‘यात आहे काय?’ असा प्रश्न पडतो. माणसांच्या चित्रासमोर तो पडत नाही, माणूस दिसतोच. मला तिथे दुसराच प्रश्न छळतो: या चित्राने मला कोण समजलंय, आणि उभं केलंय कुठे?

जुन्या व्यक्तिचित्रांत याचं उत्तर बहुधा ठरलेलं असे. राजा बसलाय, आपण दरबारी. व्यापारी बसलाय, आपण त्याचे वारस. चित्र ज्याच्यासाठी काढलं त्याची जागा आपल्याला आयती मिळायची. स्पॅनिश चित्रकार व्हेलाझ्केझने १६५६ मध्ये ‘लास मेनिनास’मध्ये या आयत्या जागेचीच फिरकी घेतली. चित्रकार भल्या मोठ्या कॅनव्हासमागून आपल्याकडे बघतोय आणि मागच्या भिंतीवरच्या आरशात राजा-राणी दिसताहेत. म्हणजे आपण उभे आहोत ती जागा त्यांची. क्षणभर राजा झाल्यासारखं वाटतं आणि लगेच कळतं की आपण दुसऱ्याच्या खुर्चीत बसलोय. फ्रेंच विचारवंत फुकोने १९६६ मध्ये या एका चित्रावर आख्खं प्रकरण लिहिलं, तेव्हापासून त्यावर बोलणाऱ्यांची रांग संपलेली नाही. मी त्या रांगेत शिरत नाही.

माझ्या मते आजच्या चित्रांकडे यायची वाट फ्रेंच चित्रकार एदुआर मानेच्या ‘बार ॲट द फोली-बर्जेर’मधून (१८८२) जाते. काउंटरवर दोन्ही हात टेकवून एक मुलगी उभी आहे. तिच्यामागे भिंतभर आरसा. ती अगदी सरळ आपल्यासमोर आहे, म्हणजे तिचं प्रतिबिंब तिच्या पाठीआड लपायला हवं. तसं होत नाही. ते उजवीकडे सरकलंय, आणि त्यात ती उंच टोपीवाल्या एका गृहस्थाकडे जराशी झुकलेली दिसते. आरशाच्या हिशेबाने हा गृहस्थ काउंटरच्या अलीकडे, म्हणजे मी उभा आहे तिथेच असायला हवा. पण तिथे तर कुणीच नाही. मग तो मीच का? आणि मीच असेन तर ती माझ्या आरपार का बघतेय?

या धाग्यात मला हे हवंय: गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या फिगरेटिव्ह, म्हणजे माणसांच्या ओळखू येणाऱ्या आकृती रंगवणाऱ्या, चित्रकारांनी बघणाऱ्याची ही जागा कशी हाताळली? नजर हा एक मार्ग झाला, दुसरे कुठले? ‘अंगावर आलं’, ‘भिडलं’ एवढ्यावर थांबू नका, चित्रात नेमकं काय केलंय ते लिहा.

उंटावरचा शहाणा

आलो. चित्र म्हणजे ताणलेल्या कापडावर वाळलेलं तेल. ते कुणाला काही समजत नाही आणि कुठे उभं करत नाही. आपण आपल्या पायांवर उभे राहतो आणि बाहेर पडताना ‘चित्राने मला अस्वस्थ केलं’ असं सांगतो. नजर, अवकाश, प्रश्न उपस्थित करणं ही सगळी चित्राशेजारी लावलेल्या माहितीच्या पाटीची भाषा आहे. पाटी काढा, मग बोलू.

आणि मानेचा आरसा चुकलाय असं सरळ म्हणायला लोक इतके घाबरतात का?

तैलबुद्धी

शहाणे, माने चुकलेला नाही. त्या चित्राचे एक्स-रे काढलेले आहेत. त्यांत दिसतं की प्रतिबिंब आधी मुलीच्या बरंच जवळ होतं, मानेने ते काम चालू असताना उजवीकडे सरकवलं. नजरचुकीने आरसा बिघडतो. सरकवत सरकवत बिघडवलेला असेल तर तो निर्णय असतो.

आता निळसरच्या प्रश्नाकडे. मी माणसं रंगवतो, म्हणून हाताकडून सांगतो. नजर बुबुळात असते असं बघणाऱ्यांना वाटतं. रंगवताना ती आजूबाजूला सापडते. वरच्या पापणीची सावली डोळ्याच्या पांढऱ्यावर पडते, ती घेतली नाही तर डोळा बटणासारखा दिसतो. ते ‘पांढरं’ही पांढरं नसतं, करडं किंवा पिवळट असतं. बुबुळाच्या दोन्ही बाजूंना ते किती उरतं यात केसभर फरक केला की माणूस तुमच्याऐवजी तुमच्या कानामागे बघायला लागतो. प्रकाशाचा ठिपका तर सगळ्यात लबाड. तो जरा मोठा झाला की डोळा पाणावतो, आणि पुसून टाकला की माणूस आत निघून जातो. चेहरा तोच, ओठ तेच, एक ठिपका कमी.

पण माझा मुख्य मुद्दा नजरेचा नाहीच. बघणाऱ्याची जागा सगळ्यात जास्त ठरते ती चित्रकाराच्या डोळ्यांच्या उंचीवरून. म्हणून तर व्यक्तिचित्र करताना मॉडेलला लाकडी चौथऱ्यावर बसवायची जुनी पद्धत आहे: उभ्या चित्रकाराचे आणि बसलेल्या माणसाचे डोळे एका पातळीवर यावेत. ल्युशियन फ्रॉइड सुरुवातीला बसून, बारीक मऊ ब्रशने रंगवायचा. १९५० च्या दशकात तो उभा राहून काम करायला लागला आणि डुकराच्या केसांचे राठ ब्रश वापरायला लागला. त्यानंतरची चित्रं बघा. जमिनीच्या फळ्या वर चढत जातात, पलंग आपल्याकडे कलतो, झोपलेलं शरीर खाली पसरलेलं असतं आणि आपण त्याच्यावर वाकलेले. ‘बेनिफिट्स सुपरवायझर स्लीपिंग’ (१९९५) मधली बाई सोफ्यावर डोळे मिटून पडलीय, ती कुणाकडेच बघत नाही. तरी त्या चित्रासमोर आपली जागा पक्की आहे: झोपलेल्या माणसाच्या उशाशी कुणी उभं असावं ती. तिथून हलायची सोय नाही. आणि हे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नसतं, फळ्यांच्या रेघांत असतं.

पापणी

वाचतेय. दृष्टी आणि आकलन हा माझा अभ्यासाचा विषय, म्हणून थोडी भर.

तैलबुद्धी, तुमचं ‘नजर आजूबाजूला सापडते’ हे १८२४ मध्ये वोलॅस्टन नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिलंय. त्याने डोळ्यांची तीच जोडी ठेवली आणि भोवतीचा चेहरा दुसऱ्या दिशेला वळवलेला काढला. डोळ्यांना हात न लावता नजर फिरली.

‘चित्रातले डोळे माझा पाठलाग करतात’ यात गूढ काही नाही. खरा माणूस समोर असेल तर आपण बाजूला सरकल्यावर त्याच्या चेहऱ्याची दुसरी बाजू दिसते. सपाट चित्रात ती दिसत नाही, जे रंगवलंय तेच कुठूनही दिसतं. समोर बघणारा डोळा म्हणून कुठूनही समोरच बघतो. याला ‘मोनालिसा इफेक्ट’ म्हणतात, आणि गंमत अशी की २०१९ मध्ये जर्मनीतल्या बीलेफेल्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी मोजमाप केलं तेव्हा खुद्द मोनालिसाच बघणाऱ्याच्या उजवीकडे सुमारे १५ अंशांनी बघत असल्याचं निघालं. सगळ्या जगाला वाटतं ती आपल्याकडे बघते. बघितलं जावं ही आपली हौस दांडगी आहे, एवढंच त्यातून मी घेते.

उंटराव, आता तुमच्या बाजूचा एक मुद्दा, सांभाळून वापरा. यार्बुस या रशियन शास्त्रज्ञाने लोकांना रशियन चित्रकार रेपिनचं एक चित्र दाखवून डोळ्यांच्या हालचाली टिपल्या. बऱ्याच वर्षांनी घरी परतलेला एक माणूस दारात उभा आहे आणि घरचे दचकून बघताहेत असं ते चित्र. नुसतं बघा म्हटलं तर डोळे एका वाटेने फिरले. ‘या लोकांची वयं सांगा’ म्हटल्यावर चेहऱ्यांवर गेले, ‘घरची परिस्थिती कशी आहे?’ विचारल्यावर सामानसुमानावर. म्हणजे बघणारा काय शोधतोय यावर चित्रातली वाट बदलते. पाटी हीसुद्धा अशी एक सूचनाच.

आणि वेळ! न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात लोक एका चित्रासमोर किती थांबतात हे मोजलं होतं, २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. सरासरी २७.२ सेकंद, आणि मध्यक फक्त १७, म्हणजे निम्मे लोक त्याहूनही कमी थांबले. त्यात पाटी वाचणंही आलं.

उंटावरचा शहाणा

१७ सेकंद! आणि आम्ही इथे केवढाले परिच्छेद लिहितोय.

तैलबुद्धी, फळ्यांचं मान्य. ते कापडावर आहे, दाखवता येतं. माझं भांडण ‘ती माझ्या आरपार बघते’ या जातीच्या वाक्यांशी आहे.

निळसर

शहाणे, मग पाठमोऱ्या माणसापासून सुरू करू. तिथे नजरच नाही, तुमचा आक्षेप आपोआप बाद.

आधी थोडा इतिहास. मायकेल फ्रीड या समीक्षकाने १९८० मध्ये असं मांडलं की अठराव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकारांचा एक प्रवाह बघणारा जणू नाहीच असं धरून चित्र काढत होता. शार्दँचा पत्त्यांचा बंगला रचणारा मुलगा बघा. त्याचं सगळं लक्ष हातातल्या पत्त्यात आहे. त्याला आपली गरज नाही, आणि म्हणूनच आपण थांबतो. त्याने वर बघितलं असतं तर ते नाटक झालं असतं.

आता जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टरचं ‘बेटी’ (१९८८). ती त्याची मुलगी. तो फोटोवरून रंगवतो, आणि हा फोटो चित्राच्या दहाएक वर्षं आधीचा, बेटी लहान असतानाचा. लाल फुलांचं पांढरं जाकीट, मागे बांधलेले केस. धड आपल्या बाजूला कललंय, इतकं जवळ की खांद्याला हात लागेल, आणि मान त्याच क्षणी पलीकडे वळलीय. पलीकडे काय आहे? एक काळपट, करडा, सपाट पृष्ठभाग. ते रिश्टरचंच करडं चित्र असल्याचं सांगतात. शार्दँच्या मुलाला पत्ते तरी होते. बेटी जिथे बघतेय तिथे दिसण्यासारखं काहीच नाही. आणि आपण नेमकं तेच करतोय, एका सपाट पृष्ठभागाकडे टक लावून बघतोय. पाठमोरी आकृती म्हटलं की जुन्या जर्मन चित्रकार फ्रीडरिशचे डोंगरावर उभे प्रवासी आठवतात. तिथे तो माणूस आपला प्रतिनिधी असतो, त्याच्या खांद्यावरून आपल्यालाही दरी दिसते. बेटी प्रतिनिधी व्हायला नकार देते. बाप म्हणून रंगवणाऱ्याची जवळीक आणि तिची वळलेली मान यांच्या मध्ये आपण सापडतो.

दुसरं, भूपेन खख्खर यांचं ‘यू कान्ट प्लीज ऑल’ (१९८१), आता लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. गच्चीवर एक नागडा माणूस पाठमोरा उभा. खाली बाप, लेक आणि गाढवाची गोष्ट चाललीय: बाप बसला तर लोक नावं ठेवतात, लेक बसला तरी ठेवतात. त्या गोष्टीचे वेगवेगळे प्रसंग एकाच दृश्यात इकडेतिकडे विखुरलेत. गोष्टच मुळी ‘लोक काय म्हणतील’ची, आणि ती बघणारा माणूस कपड्यांशिवाय. तो खालच्यांना न्याहाळतोय आणि त्याच वेळी मागून आपल्याला दिसतोय, हे त्याला ठाऊक असावं अशीच ती पाठ रंगवलीय. आपण तिथे कोण? गोष्टीतले नावं ठेवणारे लोक, दुसरं कोण.

चौकटीबाहेर

छान चाललाय धागा. पण एक गोष्ट सगळे गृहीत धरताय: ‘बघणारा’ म्हणजे कुणीही, एकच एक. चित्रांच्या इतिहासात बघणारा बराच काळ गोरा, पुरुष आणि चित्र विकत घेऊ शकणारा होता. गेल्या काही दशकांतल्या कितीतरी फिगरेटिव्ह चित्रकारांचा झगडा त्याच्याशीच आहे.

काळा अमेरिकन चित्रकार केरी जेम्स मार्शल घ्या. १९८० मध्ये त्याने अंड्याच्या बलकात रंग कालवून वहीच्या पानाएवढं एक स्वचित्र केलं. काळ्या पार्श्वभूमीवर काळा माणूस, दिसतात फक्त डोळ्यांचं पांढरं, सदऱ्याचा पांढरा त्रिकोण आणि फटीचे दात. तेव्हापासून त्याच्या आकृत्या काळ्याच आहेत. तपकिरी नाहीत, खरोखर काळ्या. पण तो काळा एकच नाही: आयव्हरी ब्लॅक, कार्बन ब्लॅक, मार्स ब्लॅक, कुणी ऊबदार कुणी थंड, त्यांतून तो गाल, नाक, मानेचा खड्डा उठवतो. फोटोत हे सगळं बुजून जातं. जवळ जाऊन डोळे सरावेपर्यंत थांबलात तरच माणूस घडतो. घाईने बघणाऱ्याला काळा आकार मिळतो, थांबणाऱ्याला चेहरा.

त्याचं २०१२ चं ‘स्कूल ऑफ ब्यूटी, स्कूल ऑफ कल्चर’ आणखी जवळून सांगते, कारण निळसरचे सगळे मुद्दे त्यात एकत्र आलेत. ब्यूटी पार्लर, काळ्या बायका केस करून घेताहेत, ऐटीत उभ्या आहेत. मागच्या आरशात कॅमेऱ्याचा फ्लॅश उडालाय, त्यामुळे फोटो काढणाऱ्याचा, म्हणजे आपल्या जागी असलेल्या माणसाचा, चेहराच पुसला गेलाय. व्हेलाझ्केझचा आरसा राजा दाखवतो, हा दाखवायलाच नकार देतो. आणि पुढे जमिनीवर तिरपा ताणलेला एक पिवळा-गुलाबी डाग तरंगतो. समोरून काही कळत नाही. चित्राच्या बाजूला जाऊन तिरकं बघितलं की सोनेरी केसांची, परीकथेतली झोपलेली राजकन्या दिसते. होल्बाइनने १५३३ मध्ये ‘द ॲम्बॅसॅडर्स’मध्ये कवटी अशीच दडवली होती; तिथे मरण होतं, इथे गोऱ्या सौंदर्याचा मापदंड. पार्लरमधल्या एकाही बाईचं तिकडे लक्ष नाही. फक्त एक लहानगं पोर वाकून त्याच्याकडे बघतंय. चित्र तुम्हाला दोन जागा देतं आणि दोन्हींवरून एकदम बघता येत नाही. पाय हलवावे लागतात, उंटराव, तुमचेच पाय.

ॲमी शेराल्डचंही थोडक्यात: ती काळ्या माणसांची त्वचा करड्या छटांत रंगवते, कपडे मात्र झगझगीत. मिशेल ओबामांचं २०१८ चं चित्र सगळ्यांनी पाहिलं असेल. त्वचेचा रंग बघून माणसाबद्दल ठरवून टाकायची सवय तिथे अडखळते. पटतं की नाही ते वेगळं. मला स्वतःला तो करडा रंग कधीकधी फार सोयीस्कर वाटतो.

आणि ॲलिस नील. वयाच्या ऐंशीव्या वर्षी, १९८० मध्ये, निळ्या पट्ट्यांच्या खुर्चीत बसून स्वतःचं नग्न चित्र. एका हातात ब्रश, दुसऱ्यात फडकं, नाकावर चष्मा, बाकी अंगावर काही नाही. नग्न बाईकडे बघायची शेकडो वर्षांची सवय त्या चष्म्याला आपटून परत येते.

उंटावरचा शहाणा

मार्शलचं झकास लिहिलंय. पण बघा, होल्बाइन माहीत नसेल, परीकथा माहीत नसेल तर उरतो तो पिवळा डागच. म्हणजे शेवटी गृहपाठ करून आलेल्यालाच जागा. बाकीच्यांनी १७ सेकंद बघून पुढच्या खोलीत जायचं.

चौकटीबाहेर

गृहपाठ नसला तरी त्या पोराची नजर आहे ना चित्रात. ते वाकून काय बघतंय हे कुणालाही विचारावंसं वाटेल. होल्बाइन नंतर भेटला तरी चालेल.

मुकी वाचक

मी इथे क्वचितच लिहिते. काच आणि आरसा यांवर बोलणं निघालंय म्हणून.

फ्रान्सिस बेकन आपली चित्रं काचेमागे आणि सोनेरी चौकटीत लावायचा आग्रह धरायचा, प्रचंड मोठी असली तरी. संग्रहालयात त्याच्या चित्रासमोर उभं राहिलं की पिळवटलेल्या त्या शरीरावर आपला सदरा, मागच्या दाराचा उजेड, शेजाऱ्याची टोपी तरंगत असते. स्वच्छ बघायला सरकावं, तर प्रतिबिंबही सरकतं. ओरडणारं तोंड आणि आपल्यामध्ये एक थंड पातळ पडदा कायम. आत जे चाललंय तिथे आपण पोचू शकत नाही, पण त्यात आपण दिसतो मात्र.

जेनी सॅव्हिलने तर आरसाच लावला. तिचं ‘प्रॉप्ड’ (१९९२) कला महाविद्यालयाच्या शेवटच्या वर्षाचं. दोन मीटरपेक्षा उंच कॅनव्हास, एका छोट्या स्टुलावर तोल सावरत बसलेली मोठ्या शरीराची नग्न स्त्री. गुडघे आपल्या तोंडाशी येतात आणि चेहरा लांब वर, तिथून ती खाली बघते. बोटं स्वतःच्याच मांड्यांत रुतलीत. ओल्या रंगात ओरखडून सगळ्या शरीरावर अक्षरं लिहिलीत, ल्यूस इरिगारे या स्त्रीवादी विचारवंत बाईंच्या लेखनातली, आणि ती उलटी आहेत. पहिल्यांदा मांडलं तेव्हा समोर आरसा ठेवला होता. वाचायचं तर चित्राकडे पाठ करून आरशात बघायचं. म्हणजे मजकूर सुलटा होतो, आणि त्याच आरशात तिच्यापुढे उभे आपणही दिसतो.

नंतर हे चित्र आरशाशिवायही मांडलं गेलं. माझ्या मते आरशाशिवाय ते अर्धं नाही होत, उलट बरं होतं. आरसा ‘बघ, तू बघतोयस’ असं ओरडून सांगतो. उलट्या अक्षरांपाशी अडखळणारा डोळा तेच न सांगता करतो.

तैलबुद्धी

मुकीताई, लिहीत जा हो. शेवटच्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा.

आकाराचं निघालंच आहे तर मार्लीन डुमासचं ‘द पेंटर’ (१९९४). तिच्या लहानग्या मुलीच्या फोटोवरून केलेलं. नागडं पोर उभं आहे, हात रंगात बुडालेले, एक लाल, एक निळाकाळा. हसत नाही. आणि कॅनव्हास दोन मीटर उंच! लहान मूल आपल्यापेक्षा मोठं. चेहऱ्यावर पातळ, पाणचट रंग, पोटावर निळसर डाग. लाल हात बघून आधी रंग आठवतो की दुसरं काही, हे आपल्यावर. तेच चित्र मोबाइलवर बघा: गोंडस, जरा रुसलेलं बाळ. उंची गेली की धाकही गेला.

मोबाइलमुळे चित्रकारांच्या सवयी बदलल्यात हे रोज बघतो. चेहरा मधोमध, पार्श्वभूमी एकरंगी, नजर थेट: पडद्यावर अंगठा थांबावा म्हणून. अशी चित्रं प्रत्यक्षात बघायला गेलं की जवळ जाऊन मिळण्यासारखं काही नसतं. त्यांची बघणाऱ्यासाठीची जागा हातभर अंतरावर संपते.

उंटावरचा शहाणा

हे मात्र वर्मावर बोट ठेवलंत.

चौकटीबाहेर

आतापर्यंतच्या चित्रांत बघणाऱ्याची जागा चित्रकाराने ठरवली. एक उदाहरण उलट आहे. डेना शुट्झचं ‘ओपन कास्केट’ (२०१६), २०१७ च्या व्हिटनी बिएनियलमध्ये, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात, होतं. १९५५ मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी हालहाल करून मारलं. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवायला लावली. माझ्या मुलाचं काय केलं ते जगाला दिसू दे म्हणून. फोटो छापून आले. शुट्झ गोरी. तिने त्या फोटोवरून चित्र केलं, चेहऱ्याच्या जागी रंगाचे जाड थर, फटकारे.

प्रदर्शन उघडल्यावर पार्कर ब्राइट हा काळा कलाकार त्या चित्रासमोर पाठ करून उभा राहिला, लोकांना ते दिसू नये म्हणून. टीशर्टवर लिहिलं होतं ‘ब्लॅक डेथ स्पेक्टॅकल’. हॅना ब्लॅक या कलाकार-लेखिकेने खुल्या पत्रात चित्र काढून टाकावं, नष्टच करावं अशी मागणी केली. चित्र प्रदर्शनात राहिलं.

नष्ट करा हे मला पटत नाही. पण ब्राइटची कृती फार नेमकी होती. आईने पेटी उघडली ती साक्षीसाठी. तोच चेहरा प्रदर्शनातला ‘रंगाचा थर’ झाला की समोरचा माणूस साक्षीदार उरतो का? शुट्झचं चित्र बघणाऱ्याला कुठलीच जागा देत नाही. ना आईची, ना मारणाऱ्यांची, ना गर्दीतल्याची. ती मोकळी सोडलेली जागा ब्राइटने शरीराने भरली.

पापणी

‘कुठलीच जागा देत नाही’ हे जास्त होतंय. फोटोत कॅमेरा जिथे होता तिथेच ती आपल्याला उभं करते, वरून पेटीत वाकून. अडचण हीच की ती जागा शोक करायला आलेल्यांची होती आणि तिथे आपण तिकीट काढून पोचतो.

चौकटीबाहेर

बरोबर. माझ्यापेक्षा नेमकं मांडलंत.

उंटावरचा शहाणा

आता एक प्रामाणिक प्रश्न. फोटो नाही, मॉडेल नाही, संदर्भ नाही, पाटीवर काही उपयोगाचं नाही, असं कुणाचं काम आहे? तिथेही ही ‘जागा’ टिकत असेल तर मी हत्यारं खाली ठेवतो.

निळसर

लिनेट यिआडोम-बोआक्ये. लंडनची, १९७७ चा जन्म. ती रंगवते ती माणसं अस्तित्वातच नाहीत. कात्रणं, आठवणी, जुनी चित्रं यांतून जुळवलेली. बरीचशी एकेका दिवसात पुरी केलेली. पायांत बहुधा चपला-बूट नसतात, कारण पायताणावरून काळ ओळखू येतो. खोली कुठली, वर्ष कुठलं, काही कळत नाही. शीर्षकं कवितेच्या ओळीसारखी, त्यांनी उलगडा होत नाही. तुमची पाटी इथे कामाची नाही.

आता बघा काय होतं. गडद तपकिरी अंधारातून गडद तपकिरी चेहरा, कॉलरचा एक पांढरा फटकारा, दातांची किंचित चमक. माणूस हसतोय आपल्या बाजूच्या कुणाकडे तरी बघून. दुसऱ्या चित्रातले दोघं आपसांत बोलत थांबलेत. खऱ्या माणसाच्या व्यक्तिचित्रात ‘हा कोण होता?’ विचारून आपण सुटतो: नाव, साल, संपलं. इथे तो दरवाजा बंद. हा माणूस कधीच कुणाच्या समोर बसलेला नाही. चित्रकर्तीच्याही नाही. म्हणजे त्याच्यासमोरची जागा आपल्याआधी कुणीच वापरलेली नाही. मला तिथे परक्याच्या घरात शिरल्यासारखं वाटत नाही, आणि यजमानांनी बोलावलंय असंही नाही. तो आपल्या कामात आहे, मी आहे. चेहऱ्यावरचा अंधार इतका दाट असतो की भाव वाचायला जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की भाव विरून फटकारे उरतात. मग परत मागे. हे मागे-पुढे होणंच तिने रंगवलंय असं माझं मत.

पापणी

रंगही दिसतो आणि रंगातला माणूसही, दोन्ही एकाच वेळी. तत्त्वज्ञ वोलहाइम यालाच चित्र बघण्याचा गाभा मानायचा. दोहोंपैकी एकच दिसलं तर ते एकतर डाग असतात नाहीतर भास.

उंटावरचा शहाणा

हत्यारं अर्धी खाली. मागे-पुढे होणं मान्य, ते मीही करतो. पण हे वाईट चित्रासमोरही होतं हे नोंदवून ठेवतो.

मुकी वाचक

अवांतर: हॉकनीच्या ‘मिस्टर अँड मिसेस क्लार्क अँड पर्सी’मध्ये (१९७०–७१) नवरा-बायको दोघंही आपल्याकडे बघतात, दोघांच्या मध्ये उघडी खिडकी आणि आपण तिसरे, अवघडलेले. मांडीवरचं मांजर तेवढं खिडकीबाहेर बघतंय. आणि त्या मांजराचं नाव पर्सी नव्हतंच, ब्लांश होतं. शीर्षकात पर्सी बरं वाटलं म्हणून.

निळसर

हे झकास! म्हणजे चित्रात एकटं तेच आपली दखल घेत नाही आणि त्याची ओळखही खोटी.

तैलबुद्धी

धागा लांबलाय, पण एक धंद्यातली गोष्ट राहिली. बहुतेक संग्रहालयांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५५ सेंटिमीटरवर येईल असं टांगतात, उभ्या प्रौढ माणसाच्या डोळ्यांच्या हिशेबाने. लहान मुलाला किंवा चाकाच्या खुर्चीवर बसलेल्याला तीच चित्रं वरून बघतात. डोळ्याला डोळा भिडवणारं एखादं व्यक्तिचित्र वीतभर वर टांगा, तो माणूस तुमच्याकडे वरून बघायला लागतो. वीतभर खाली घ्या, तुम्ही त्याच्याकडे वाकता. आम्ही स्टुडिओत ठिपका इकडे की तिकडे करत आठवडे घालवतो, आणि प्रदर्शनाच्या आदल्या रात्री कुणीतरी शिडीवर चढून ते सगळं बदलून टाकतो.

उंटावरचा शहाणा

म्हणजे बघणाऱ्याची जागा खिळा ठोकणारा ठरवतो! पहिल्या प्रतिसादापासून मी हेच म्हणतोय, ते कापड आहे, भिंतीवर टांगलेलं.

तैलबुद्धी

टांगणाऱ्यांशी माझी भांडणं ऐकायला या एकदा. दोन सेंटिमीटरवरून होतात.